नावात अक्षरं किती?

(आपल्या १९९१ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. बोलण्याच्या ओघात राहिलेले एक-दोन मुद्दे छापताना भरले आहेत.)



समितीने मला सांगितलं, "तू इतकी वर्षं कॉम्प्युटरमध्ये काढलीस, त्यावर पंधरा-वीस मिनिटं बोल. फक्त जेवणाआधी कुणाला झोप लागू देऊ नकोस." म्हणून मी आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा विषय निवडला आहे. विषय आहे अक्षर. पहिलीत पाटीवर गिरवलं, तेच अक्षर.

सुरुवातीला एक सोपा प्रश्न. 'भाईंदर' या शब्दात अक्षरं किती? भा, ईं, द, र. चार. बाईंनी मान डोलावली, म्हणजे उत्तर बरोबर.

आता हाच प्रश्न कॉम्प्युटरला विचारू. कॉम्प्युटरशी बोलायच्या भाषा अनेक आहेत, आणि प्रत्येक भाषेत मजकुराची लांबी सांगणारी एक आज्ञा असते. आयफोनचे प्रोग्रॅम ज्या स्विफ्ट भाषेत लिहितात, ती सांगते, चार. पायथन सांगते, सहा. जावाही सहाच सांगते. गूगलमध्ये तयार झालेली गो नावाची भाषा सांगते, अठरा. शब्द एकच, उत्तरं तीन, आणि यातली एकही भाषा चुकलेली नाही. प्रत्येकीने वेगळी वस्तू मोजली आहे. कुणी काय मोजायचं ठरवलं, का ठरवलं आणि त्याची किंमत कुणाला पडली, एवढंच आज सांगायचं आहे.

कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, फक्त आकडे कळतात. म्हणून प्रत्येक चिन्हाला एक आकडा द्यावा लागतो. अमेरिकेत १९६० च्या दशकात आस्की नावाचा तक्ता ठरला. त्यात १२८ जागा. इंग्रजीची मोठी-लहान अक्षरं, अंक, स्वल्पविराम, सगळं त्यात बसलं. एक चिन्ह, एक आकडा, आणि साठवायला एक बाइट, म्हणजे स्मरणातलं एक घर. इंग्रजीत भाईंदरचं स्पेलिंग नऊ अक्षरांचं, म्हणून चिन्हं नऊ आणि बाइटही नऊ. कुठूनही मोजा, उत्तर तेच. त्यामुळे ज्यांनी सुरुवातीच्या भाषा घडवल्या, त्यांना "लांबी म्हणजे नक्की कशाची लांबी?" हा प्रश्न पडण्याचं कारणच नव्हतं.

त्यांना दुसरा प्रश्न होता. मजकूर कुठे संपला हे ओळखायचं कसं? याला आपल्या लोकलचं उदाहरण चालेल. फलाटावर लांबी कळायचे दोन मार्ग आहेत. इंडिकेटरवर बारा डबे की पंधरा डबे ते वाचायचं, किंवा चालत चालत शेवटच्या डब्यापर्यंत जायचं. बेल लॅबमध्ये १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला डेनिस रिची यांनी केलेल्या सी भाषेने दुसरा मार्ग घेतला. मजकुराच्या शेवटी शून्य ठेवायचं आणि ते दिसेपर्यंत मोजत जायचं. जागा वाचते, गाडी कितीही लांब असू शकते. पण दर वेळी चालावं लागतं, आणि शेवटचं शून्य ठेवायचं राहिलं तर प्रोग्रॅम फलाट संपून रुळांवर चालत जातो. कॉम्प्युटरमधल्या सुरक्षेच्या कितीतरी भगदाडांचं मूळ इथे आहे. पास्कल भाषेच्या प्रचलित रूपांनी इंडिकेटरचा मार्ग घेतला. लांबी आधीच लिहायची. मोजणं झटपट, पण इंडिकेटरला एकच बाइट दिलेला, म्हणून २५५ च्या पुढे मजकूर नाही. दोन्ही मार्ग शहाण्या माणसांनीच काढले होते. एक गोष्ट स्वस्त केली की दुसरी महाग होते, हे या धंद्यात पहिल्या दिवसापासून आहे.

आता आपल्याकडे येऊ. १९९१ साली आपण दहावी झालो. तेव्हा मीरा-भाईंदरला महानगरपालिका नव्हती, नगरपरिषद होती. आपल्या शाळेत कॉम्प्युटर नव्हता. आपल्याला पत्ताही नव्हता, पण त्याच वर्षी आपल्या अक्षरांचं भवितव्य दोन ठिकाणी ठरत होतं. भारतीय मानक ब्यूरोने इस्की नावाचं मानक जाहीर केलं. भारतीय लिप्या कॉम्प्युटरवर आणण्याच्या या कामात पुण्याच्या सी-डॅकचा मोठा वाटा होता. आणि तिकडे जगातल्या सगळ्या लिप्यांना एकाच तक्त्यात बसवणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. त्यात देवनागरीला १२८ जागांचा एक कप्पा मिळाला आणि त्याची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरून घेतली.

त्या १२८ जागांत काय ठेवायचं, हा मोठा निर्णय होता. आपली बाराखडी आणि जोडाक्षरं मिळून हजारो आकार होतात. प्रत्येकाला जागा द्यायची तर तक्ता फुगला असता आणि नवं जोडाक्षर आलं की अडलं असतं. म्हणून सुटे भाग ठेवले. व्यंजनं, स्वर, काना, मात्रा, वेलांट्या, आणि पाय मोडायचं चिन्ह. 'क्षि' लिहायचं तर क, पाय मोडायचं चिन्ह, ष आणि वेलांटी, असे चार आकडे एकामागून एक ठेवायचे. बाईंनी फळ्यावर जोडाक्षर फोडून दाखवलं होतं, अगदी तसंच. पडद्यावर त्यांचं एक अक्षर करायचं काम फॉन्टकडे दिलं.

व्यवहार चांगला होता. पण याचा अर्थ असा झाला, की ज्याला आपण अक्षर म्हणतो ते कॉम्प्युटरच्या स्मरणात एक वस्तू म्हणून नसतंच. तिथे त्याचे भाग असतात. 'भाईंदर'मध्ये भ, काना, ई, अनुस्वार, द, र असे सहा भाग आहेत. पायथन आणि जावाचं सहा हे उत्तर तिथून येतं.

त्या काळात याच्या उलट व्यवहारही चालू होता, आणि आपल्यातले काही जण त्यात कामाला होते. स्टेशनजवळच्या डीटीपीच्या दुकानांत लग्नपत्रिका, पावत्या, मंडळांचे अहवाल ज्या फॉन्टांत होत, त्यांतल्या बहुतेकांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. कागदावर मराठी सुंदर उमटायची. पण आत साठवलेली असायची निरर्थक इंग्रजी अक्षरं. तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली की कचरा दिसायचा. त्यात मराठी शब्द शोधताही येत नसे. तिथे आकार सांभाळला होता, अक्षर नाही. छापण्यापुरतं ते ठीक होतं. वीस वर्षांनी तोच अहवाल शोधायला गेलं की त्याची किंमत कळते.

आता ते अठरा कुठून आले, ते सांगते. युनिकोडवाल्यांना सुरुवातीला वाटलं होतं की ६५,५३६ जागा साऱ्या जगाला पुरतील. त्यावर विसंबून १९९५ च्या सुमारास आलेल्या जावा आणि जावास्क्रिप्ट या भाषांनी प्रत्येक चिन्हाला दोन बाइट दिले. लगेच १९९६ मध्ये युनिकोडला जागा वाढवाव्या लागल्या, आणि या भाषांना जोड-आकड्यांची ठिगळं लावावी लागली. दुसरीकडे सप्टेंबर १९९२ मध्ये केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी न्यू जर्सीतल्या एका हॉटेलात, ताटाखालच्या कागदावर, वेगळी पद्धत आखली. तिचं नाव यूटीएफ-८. इंग्रजी अक्षराला पूर्वीसारखाच एक बाइट, बाकीच्यांना गरजेप्रमाणे दोन, तीन, चार. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. सहा त्रिक अठरा.

म्हणजे जे चिन्ह इस्कीत एका बाइटात राहत होतं, जावाच्या पद्धतीत दोन बाइटांत, त्याला इथे तीन लागतात. इंग्रजीला मात्र काही वाढीव मोजावं लागलं नाही. तरीही मी म्हणेन की यूटीएफ-८ हा चांगला सौदा आहे. जुने प्रोग्रॅम मोडले नाहीत, म्हणून जगाने तो स्वीकारला, आणि जगाने स्वीकारला म्हणूनच आज तुमच्या फोनवरचा मराठी निरोप अमेरिकेतल्या भाच्यालाही नीट वाचता येतो. शिवाय प्रत्येक बाइटावर खूण असते, की हा अक्षरचिन्हाचा पहिला डबा आहे की मागचा. त्यामुळे मजकुरात मध्येच चढलं तरी पुढचं चिन्ह कुठे सुरू होतं ते सापडतं.

पण सौद्याची किंमत नावांना पडते. समजा एखाद्या कार्यालयाने नावासाठी वीस बाइटांची जागा ठेवली. इंग्रजी स्पेलिंगने 'ज्ञानेश्वर' अकरा बाइटांत बसतं, नऊ उरतात. मराठीत त्याचे भाग दहा, म्हणजे तीस बाइट. विसाव्या बाइटाला कात्री लागली की उरतं 'ज्ञाने' आणि त्यापुढे श चे तीनपैकी दोन बाइट, म्हणजे पडद्यावर काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह. असे तुटलेले मराठी नावांचे छापील कागद मी पाहिले आहेत. ज्याचं नाव, त्याने ते घेऊन खिडकीपुढे उभं राहायचं आणि हा मीच, हे पटवायचं. कुणी मुद्दाम केलेलं नसतं. तपासताना फक्त इंग्रजी नावं वापरलेली असतात.

एसएमएसचंही तसंच. एका संदेशाला १४० बाइट. साध्या इंग्रजीत त्यात १६० अक्षरं बसतात, मराठीत ७०, आणि त्या सत्तरांत प्रत्येक काना, प्रत्येक वेलांटी वेगळी मोजली जाते. सोसायटीच्या सभेची सूचना मराठीत पाठवली की एकाचे दोन संदेश का होतात, ते आता कळलं असेल.

पायथनने २०१२ पासून आणखी एक युक्ती केली. मजकुरातलं सगळ्यात मोठ्या आकड्याचं चिन्ह पाहायचं आणि त्याला लागेल तेवढी जागा सगळ्यांना द्यायची. सगळं साधं इंग्रजी असेल तर प्रत्येकी एक बाइट, मराठी असेल तर दोन. 'वाढदिवसाच्या शुभेच्छा' लिहून शेवटी केकचं एक चित्र टाकलं, की त्या एका केकसाठी सगळ्या मजकुराला प्रत्येकी चार. जागा वाढली, पण त्या बदल्यात दहावं चिन्ह, शंभरावं चिन्ह थेट उचलता येतं. यूटीएफ-८ मध्ये सुरुवातीपासून मोजत जावं लागतं.

आता गंमत सांगते. शाळेत बाईंनी आपल्याला उलटसुलट सारखी वाक्यं शिकवली होती. 'रामाला भाला मारा'. रा, मा, ला, भा, ला, मा, रा. उलट वाचा, तेच. प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या मुलांना पहिल्याच महिन्यात असं वाक्य ओळखणारा प्रोग्रॅम लिहायला देतात. पायथनमध्ये तो एका ओळीत होतो. त्याला हे वाक्य घातलं, तर तो म्हणतो, नाही, हे उलटसुलट सारखं नाही. कारण त्याच्या लेखी वाक्य र पासून सुरू होतं आणि काना वर संपतं. उलटं केलं की पहिल्यांदा येतो एकटा काना, कुठल्याही अक्षराशिवाय. 'मराठी' उलटं केलं तर पुढे एक निराधार वेलांटी, मग 'ठारम'. पहिलीतल्या मुलाला जे दिसतं, ते या एवढ्या हुशार भाषेला दिसत नाही.

ते दिसावं म्हणून स्विफ्टने २०१४ मध्ये वेगळा निर्णय घेतला. माणसाला जे एक अक्षर वाटतं, तेच एक मोजायचं. म्हणून तिने भाईंदरला चार म्हटलं. वाटतं, झालं, प्रश्न सुटला. पण हेही फुकट नाही. अक्षर कुठे संपतं हे ठरवायला दर वेळी नियमांची वही उघडावी लागते, सुरुवातीपासून चालत जावं लागतं. आणि ती वही बदलते. 'क्षितिज' हा शब्द घ्या. आपल्या लेखी अक्षरं तीन. युनिकोडच्या जुन्या सर्वसाधारण नियमाने चार होत, कारण पाय मोडलेला क वेगळा आणि षि वेगळा धरला जाई. देवनागरीसारख्या लिप्यांतलं जोडाक्षर न तोडण्याचा नियम सप्टेंबर २०२३ च्या आवृत्तीत आला. म्हणजे एकच शब्द जुन्या फोनवर चार आणि नव्या फोनवर तीन मोजला जाऊ शकतो. बाईंचं उत्तर मान्य व्हायला पहिल्या आवृत्तीपासून बत्तीस वर्षं लागली. बाइट मोजणारी गो भाषा उद्धट वाटते खरी, पण तिचं उत्तर कधी बदलत नाही. कुठे काय हवं आहे, त्यावर निवड करायची असते.

यापेक्षा अवघड गोष्ट म्हणजे दिसायला सारखं आणि आत वेगळं. आपण दर्या आणि दऱ्या वेगळे लिहितो. उत्तनच्या मुलांना हा फरक शिकवावा लागला नाही, दर्या त्यांच्या दारातच होता. कॉम्प्युटरवर दऱ्यातला तो आडवा र दोन-तीन प्रकारे लिहिता येतो. एकात ऱ हे वेगळं अक्षर असतं, तर दुसऱ्यात साध्या र नंतर एक न दिसणारं जोडचिन्ह असतं. पडद्यावर फरक शून्य. शोधताना मात्र एक सापडतो, दुसरा नाही. 'बँक' हा शब्द चंद्रबिंदूने लिहा, किंवा अर्धचंद्र आणि वर अनुस्वार असा लिहा, डोळ्याला सारखाच दिसतो. आणि मराठीला लागणारा ॲ युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आला तो २००८ मध्ये. तोपर्यंत लोक अ लिहून त्यावर अर्धचंद्र देत होते, काही कळफलकांवर अजूनही तसंच होतं.

हे मी इतकं सविस्तर का सांगते आहे? या मेळाव्याची यादी जुळवताना आमच्याकडे तीन फाइली आल्या. एक डीटीपीची जुनी, दोन वेगवेगळ्या फोनवर लिहिलेल्या. आपली एक उत्तनची मैत्रीण आहे, तिचं नाव ॲ ने सुरू होतं. दोन याद्यांत ते नाव होतं आणि शोधलं तर एकाच यादीत सापडत होतं. ती दोन याद्यांमध्ये सांडली. पाठवायच्या निमंत्रणांत तिचं नाव आलंच नाही. ती सापडली कशी? आपल्या बाईंनी घरी जपून ठेवलेल्या, शाईने लिहिलेल्या हजेरीच्या वहीतून. एका मित्राने वहीतले क्रमांक एकेक करून यादीशी ताडले आणि म्हणाला, हा क्रमांक कुठे आहे? त्याच संध्याकाळी फोन गेला. ती आज तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिला विचारा, तिला हे आत्ताच कळतं आहे.

युनिकोडने यावर काही उपाय दिले आहेत. एकच अक्षर दोन प्रकारे लिहिलं असेल तर तुलना करण्याआधी एकसारखं करून घ्यायचे नियम आहेत. ऱ सुटा लिहिला काय, किंवा र खाली टिंब देऊन लिहिला काय, ते दोन्ही एकच धरले जातात. पण ॲ च्या दोन रूपांना आणि त्या न दिसणाऱ्या जोडचिन्हाला हे नियम लागू होत नाहीत. ते प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानेच करायचं असतं, आणि ते करायला त्याला मराठी यावी लागते. मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला या धंद्यात काय उपयोग, असं मला पूर्वी अनेकदा विचारलं गेलं. हे त्याचं एक उत्तर.

शेवटी तीन विनंत्या करते. आपल्यापैकी जे पालिकेत, बँकेत, शाळेत, दवाखान्यात आहेत, त्यांनी नवीन प्रणाली येईल तेव्हा पुरवठादाराला एकच प्रश्न विचारावा, नावाची मर्यादा कशात मोजली आहे, बाइटांत, चिन्हांत की अक्षरांत? आणि चाचणीला 'ज्ञानेश्वर' आणि 'लक्ष्मी' ही नावं द्यावीत. 'लक्ष्मी' अक्षरांनी दोन, चिन्हांनी सात, बाइटांनी एकवीस. जिथे ती नीट उतरली तिथे बरीचशी मराठी नीट उतरेल. दुसरी, ज्यांची मुलं इंजिनिअर आहेत, त्यांनी मुलांना 'रामाला भाला मारा' ओळखणारा प्रोग्रॅम लिहायला सांगावा. रविवार चांगला जाईल. तिसरी विनंती सगळ्यांना. बाहेरच्या टेबलावर स्मरणिकेतल्या नावांची यादी छापून ठेवली आहे. जेवायला जाण्याआधी प्रत्येकाने आपलं नाव स्वतःच्या डोळ्यांनी वाचावं आणि चूक असेल तर पेनाने दुरुस्त करावं. ही तपासणी आम्ही कॉम्प्युटरवर सोडलेली नाही.

सर, बाई, अक्षर म्हणजे काय हे तुम्ही आम्हाला फळ्यावर फोडून दाखवलं. त्यावर माझं घर चाललं.